पहिल्या पानावरचं नाव

"घे. तुझ्या डोळ्यांनी बघ," म्हणत आक्कानं वही माझ्यापुढं धरली.

मी गालाला साबण लावून न्हाणीघराच्या दारात उभा होतो. बंब रसरसून पेटला होता. वही कुमुदची, माझ्या बायकोची. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. त्यात रक्त देणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कुणाला ना कुणाला रोज रक्त लागायचं, आमच्या घरी फोन यायचा आणि ही हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून वही उघडून बसायची. त्या मंगळवारीही ती सकाळी सहालाच कुठल्याशा पेशंटच्या भावाला घेऊन रक्तपेढीत गेली होती.

"पहिलं पान काढ," आक्का म्हणाली.

मी काढलं. बाकीच्या पानांवर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस नावं दाटीवाटीनं लिहिलेली होती. पहिल्या पानावर एकच नाव. लाल शाईत, ठळक, भोवती चौकट. भूपाल चौगुले. खाली फोन नंबर. बाकी सगळं पान कोरं.

"मला वाचता येत नाही बाबा. पण लाल शाई दिसती की," आक्का म्हणाली. "कुणाचं हाय नाव?"

"चौगुले."

"तोच तो. आता तरी पटलं?"

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, हिनंच मला न्हाऊमाखू घातलं. नवरा गेल्यावर ती दोन गल्ल्या सोडून राहायची, पण सकाळचा चहा आमच्याकडं आणि दिवेलागणीपर्यंत मुक्कामही आमच्याकडंच. तिचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. आणि खरं सांगायचं तर तिनं कान भरले म्हणून मी तसा झालो, असंही नाही. मी तसाच होतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि कुमुद सोडून मला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तिथं तारा गुंडाळतानाही ही आत्ता कुठं असेल, कुणाशी बोलत असेल, हेच डोक्यात. तिनं रक्त दिलं की मी दोन दिवस धड जेवायचो नाही. माझ्या बायकोचं रक्त कुणा परक्या बाप्याच्या अंगात फिरतंय, हे मला सोसायचंच नाही. एकदा तसं तोंडावर बोललोही. ती म्हणाली, "अहो, माझं रक्त जरा निराळं आहे. एकदा शांतपणे ऐकून घ्याल का?" मी म्हणालो, "जेवताना रक्ताच्या गोष्टी नकोत." तो विषय तिनं परत काढला नाही.

"माहेरी जायच्या आधी तुला विचारायचं सोडून त्याला सांगत होती," आक्का म्हणाली. "'उद्या निघतेय, रविवारी येते.' मी इथं तांदूळ निवडत होते. आणि गेल्या महिन्यात? 'यावेळी मी जाते, तुम्ही थांबा.' आणि गेली कोल्हापूरला. माझे कान काय फुटलेत? अंगातलं रक्त असं गावाला वाटत सुटलीय, मग पोर कुठनं राहणार तिला?"

माझं डोकं फिरलं. मी बंबाचं झाकण उचललं आणि वही आत सोडली. पुठ्ठा आधी नुसता धुमसला. मग पानं एकेक करून वळायला लागली. लाल शाईचं पान वरतीच होतं, त्यामुळं ते आधी गेलं. मी झाकण लावलं आणि त्याच पाण्यानं आंघोळ केली.

नऊला फोन वाजला. मीच उचलला. मागं गाड्यांची घरघर आणि एक भोंगा ऐकू येत होता.

"वहिनी आहेत का? मी चौगुले बोलतोय."

"मी तिचा नवरा बोलतोय."

"नमस्कार भाऊ. त्यांना एवढंच सांगा, मी उद्यापासून चार दिवस..."

"परत या घरात फोन केलास तर तंगडं मोडीन तुझं. कळलं?"

मी फोन आपटला. आक्का पदराला हात पुसत दारात उभी होती. तिच्या तोंडावर समाधान होतं, आणि मलाही हलकं हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी कुमुदनं कपाट धुंडाळलं, गाद्या उलथ्या केल्या. "माझी वही बघितली का हो?"

"नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पेपर वर घेतला. तिनं दोनदा पोटावर हात दाबला, हे मला पेपराच्या वरून दिसलं होतं, पण विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अकराच्या सुमाराला आक्का धापा टाकत दुकानात आली. चालत येणारी आक्का पळत आली, हे बघूनच माझ्या हातातलं कॉइल खाली पडलं.

"चल. ती पडलीय."

कुमुद स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून बसली होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम. पोट धरलेलं. मी तिला उचललं तेव्हा तिचा हात माझ्या मानेवर पडला, तो थंडगार होता. माझ्या शेजारच्या दुकानातला नबीलाल मागोमाग जीप घेऊन आला होता. तोच चालवायला बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती एकच गोष्ट बोलत होती. "डॉक्टरांना सांगा, बॉम्बे. बॉम्बे." मला वाटलं, भ्रमात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नाडी धरली आणि नर्सला सलाईन लावायला सांगितलं. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "गर्भ नळीत राहिला होता. नळी फुटलीय. पोटात रक्त साचलंय, लगेच उघडायला लागेल."

गर्भ हा शब्द मी सहा वर्षांनी ऐकत होतो, तोही असा.

"उघडा मग," मी म्हणालो. "रक्त माझं घ्या. लागेल तेवढं."

"तुमचं नाही चालायचं. त्यांचा गट बॉम्बे आहे. फार थोड्या लोकांचा असतो. याच गटाचं रक्त लागतं. दुसरं कुठलंही घातलं, तर तेच जिवावर उठेल. मी पेढीला फोन केला, त्यांच्या यादीतला जुना नंबर लागत नाही. पुण्याकडून, मुंबईकडून मिळालं तर उद्या सकाळी."

"आणि आज?"

"आज मी ऑपरेशन करते. रक्तस्राव थांबवते. पण जे गेलंय ते भरून निघालं नाही तर..." त्यांनी घड्याळ बघितलं. "दोनपर्यंत मला एक बाटली पाहिजे. त्या म्हणतात, त्यांच्याकडं एक माणूस आहे."

मी आत गेलो. कुमुदला स्ट्रेचरवर घेतलं होतं. तिनं डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं.

"वही शोधा. घरातच असेल. पहिल्या पानावर, लाल शाईत. तेवढा एकच नंबर."

ती माझ्याकडं बघत होती, आणि तिची काही तक्रार नव्हती. तिला वाटत होतं, मी घरी जाईन, वही शोधीन, पान काढीन. तिचा माझ्यावर भरवसा होता.

"आणतो," मी म्हणालो.

त्यांनी तिला आत नेलं. दाराच्या वरचा दिवा लागला. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. मला तो नंबर आठवेना. डोळे मिटले की चौकट दिसायची, नाव दिसायचं, खालचे आकडे मात्र वळत वळत काळे व्हायचे. सुरुवातीला दोन होता की सात? आयुष्यात मी पुष्कळदा घाबरलोय, एकदा उघड्या तारेला चिकटूनही आलोय, पण तसली भीती नाही. बायको आत होती आणि तिला मी माझ्या हातानं बंबात घातली होती. तिच्यावर एवढा जीव, एवढा जीव, असं सहा वर्षं ज्याचं मी कौतुक करत होतो, ते हेच होतं.

आक्का समोर उभी होती. पदराचं टोक तिनं तोंडात धरलं होतं.

"आबा," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला आबाच म्हणायची. "काल तू दुकानात गेल्यावर परत फोन आला होता."

मी वर बघितलं.

"त्याचाच. मी उचलला. मला म्हणाला, 'मावशी, भाऊ रागावलेत, राहू दे. पण वहिनींना निरोप तेवढा द्या. मी एसटीत कंडक्टर आहे. उद्यापासून चार दिवस जतला बदली ड्यूटी. दुपारी बाराची जत-मिरज गाडी माझ्याकडं. काही लागलंच तर जत स्टँडात कंट्रोलरकडं निरोप ठेवा.'" शब्दाला शब्द लावून तिनं सांगितलं. दुसऱ्याच्या गोष्टी ऐकायच्या आणि जशाच्या तशा लक्षात ठेवायच्या, ही तिची जन्माची खोड. "मी तिला सांगितलं नाही रे. मला वाटलं, बरं झालं, चार दिवस तरी ब्याद टळली."

तिला बोल लावायला मला तोंड कुठं होतं? दवाखान्याच्या ऑफिसातून जत स्टँडला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

"चौगुले कंडक्टर? गाडी सुटली की आत्ताच. बाराला. पावणेतीनला मिरजेत येतील."

पावणेतीन. मी नबीलालकडं बघितलं. त्यानं काही न विचारता किल्ली खिशातून काढली.

मिरजेच्या बाहेर पडल्यापासून मी समोरून येणारी प्रत्येक लाल गाडी बघत होतो. तिची पाटी वाचता आली नाही की मान वळवून मागं बघत राहायचो. गाडी चुकली तर? वाटेत गाडी बंद पडली असेल तर? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भेटला आणि नाही म्हणाला तर? मी त्याच्या जागी असतो तर काय म्हणालो असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

कवठेमहांकाळच्या अलीकडं एका वळणावर पाटी दिसली. जत-मिरज. नबीलालनं जीप रस्त्यात आडवी घातली आणि मी खाली उडी मारून दोन्ही हात वर करून उभा राहिलो. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून माझा उद्धार केला. मागचं दार उघडून कंडक्टर उतरला. चाळिशीचा, बारीक अंगाचा, चष्मेवाला माणूस. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे. माझ्या मनातला चौगुले वेगळाच होता. तो उंच होता, मिशीवाला होता.

"मी कुमुदचा नवरा," मी म्हणालो.

तो एक पाऊल मागं सरकला. माझी काल दिलेली धमकी त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. हा माणूस मला भीत होता, आणि मी त्याला त्याच्या दहापट भीत होतो. मी हात जोडले.

तेवढ्यात त्यानंच विचारलं, "वहिनींना काय झालं?"

"रक्त पाहिजे. दोनच्या आत."

त्यानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. गाडीत चढला, पिशवी आणि ट्रे ड्रायव्हरच्या हवाली केला आणि उतारूंना म्हणाला, "मंडळी, एका बाईच्या जिवाचं काम आहे. ड्रायव्हर तुम्हाला मिरजेत पोचवतील." कुणीतरी कुरकुर केली. खिडकीतली एक म्हातारी त्याला म्हणाली, "जा बाबा तू. आम्ही काय पळून चाललोय?" तो टोपी काढून जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला.

नबीलालनं जीप मिरजेकडं वळवली. मग मी विचारलं, "तुम्ही तिला कधीपासून ओळखता?"

"सहा वर्षं. माझं ऑपरेशन होतं, ओ गट म्हणून रक्त आणलं, पण ते जुळेना. तेव्हा कळलं, मी बॉम्बे. पेढीवाल्यांनी वहिनींचं नाव दिलं. तुमचं लग्न नवंनवं होतं. त्या आल्या आणि देऊन गेल्या. मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळं." तो बाहेर बघत बोलत होता. "जिल्ह्यात या गटाची आम्ही दोघंच सापडलोय. म्हणून त्यांनीच एक नियम घातला. गाव सोडायचं तर दुसऱ्याला सांगून सोडायचं. जाताना आणि आल्यावर. आणि दोघांनी एकदम रक्त द्यायचं नाही. एकानं दिलं की तीन महिने त्याला देता येत नाही, म्हणून दुसऱ्यानं थांबायचं. राखीव."

"गेल्या महिन्यात कोल्हापूरला..."

"एक बाळंतीण होती. मी निघालो होतो. वहिनी म्हणाल्या, 'यावेळी मी जाते, तुम्ही थांबा. मागल्या खेपेला तुम्ही दिलंय, आत्ताच कुठं तीन महिने होतायत.'" त्यानं चष्मा काढून पुसला. "त्या वेळी मी गेलो असतो तर आज मला देता आलं नसतं, भाऊ."

नबीलालनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

"काल मी तुम्हाला..."

"राहू दे ते. माझीही बायको पहिल्यांदा असंच समजली होती. तिला मी वहिनींच्या पुढ्यात नेऊन बसवलं. वहिनींना म्हणालो, तुम्हीही भाऊंना सांगा. त्या म्हणाल्या, 'ऐकून घ्यायला लागले की सांगीन.'"

दोनला दहा कमी असताना आम्ही पोचलो. दवाखान्यातली माणसं त्याला रक्त काढायला घेऊन गेली. तपासणीला वेळ लागत होता आणि मी बाकावर बसून दाराच्या वरच्या दिव्याकडं बघत होतो. आक्का दुसऱ्या टोकाला बसली होती. आमच्यामध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा होती. नर्स पळत आत गेली. तिच्या हातात बाटली होती. एवढीशी. मी देवाला काही मागितलं नाही. एवढंच म्हणत होतो की हे रक्त त्याचं आहे, चालेल, कुणाचंही असू दे, चालेल, फिरू दे तिच्या अंगात.

साडेचारला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क खाली ओढून म्हणाल्या, "निभावलं."

कुमुद तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागली. चौगुले येऊन गेले होते, त्यांनी काय सांगितलं असेल नसेल मला माहीत नाही. मी मोसंबी सोलत होतो.

"वही कुठं सापडली?" तिनं विचारलं.

मी सालं खाली ठेवली. "मी जाळली. मंगळवारी. बंबात."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्या दोन दिवसांत मला पुन्हा तीच भीती होती, आत ऑपरेशन चालू असतानाची. ती जगली होती, पण माझ्याकडं परत येईल की नाही, हे डॉक्टरीणबाई सांगू शकत नव्हत्या. मी रोज डबा ठेवायचो, रिकामा घेऊन जायचो.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "नवी वही आणलीय का?"

मी पळत जाऊन समोरच्या दुकानातून आणली.

"नावं मला पाठ आहेत. नंबर नाहीत. मी सांगते, तुम्ही लिहा. मग एकेकाच्या घरी जाऊन नंबर आणायचे. तुम्ही जायचं. आणि वही का नव्हती, हे प्रत्येकाला तुम्हीच सांगायचं."

एकशे त्रेचाळीस नावं. मी सायकलवरून घरोघर गेलो. एकशे त्रेचाळीस वेळा सांगितलं. काही हसले, काहींनी पाणी दिलं, एकानं दारातूनच वाटेला लावलं. घरी आल्यावर कुमुदनं वही तपासली आणि उशाशी ठेवली. ती माझ्याकडं पूर्वीसारखी बघायला लागायला वर्ष दीड वर्ष गेलं. मूल आम्हाला झालं नाही. आक्का येत राहिली, पण फोन वाजला की ती उठून परसात जायची, ती असेपर्यंत.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. चौगुले निवृत्त झाले, मालगावला असतात. दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करतो. त्यांचं रक्त द्यायचं वय उलटून गेलं, पण सवय राहिलीच. त्यांनी लेकाची मोटारसायकल चालवायला घेतली तेव्हा मी हेल्मेट घेऊन गेलो होतो. त्यांना खोकला झाला की मला झोप येत नाही. कुमुद चिडवते, "एवढी काळजी माझीसुद्धा केली नाही कधी."

गेल्या रविवारी फोन नुसता वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला. कुमुद समोर मेथी निवडत बसली होती, तिचे हात थांबले.

"आंघोळीला गेलो होतो, भाऊ," पलीकडून आवाज आला. "काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," मी म्हणालो आणि खाली बसलो.

कुमुदनं मान वर न करताच विचारलं, "आहेत?"

"आहेत."

तिनं पुढची काडी उचलली.